जंभेरीचे झाड आणि सूनबाईचा अझोला

अकोल्याच्या आमच्या घरामागे दहा बाय आठचा एक मोकळा तुकडा आहे. घराखालची जागा सोडली तर आमच्या मालकीची जमीन तेवढीच. तिथे एक झाड आहे, झाडाजवळ दोन शेळ्या बांधलेल्या असतात आणि पाच-सहा कोंबड्या दिवसभर माती उकरत असतात. या तुकड्यावरून दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात असे भांडण झाले की, मी दोन दिवस सुनेशी बोलले नाही. भांडण कशावरून, तर झाड ठेवायचे की ते तोडून तिथे पाण्यावर तरंगणारे एक नेचे लावायचे यावरून. ऐकून कुणाला हसू येईल. परंतु ज्या भगिनींजवळ एवढीच जागा आहे, त्या हसणार नाहीत.

सूनबाई बचत गटाच्या बायांबरोबर एका प्रशिक्षणाला गेली होती. येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि पाण्यावर काहीतरी हिरवे घेऊन आली. मी म्हटले, "हे शेवाळ कायले आणलं व?"

"शेवाळ नाही आत्याबाई, अझोला हाय. शेळ्या-कोंबड्यायचं खाणं."

चष्मा लावून पाहिले. नखाएवढे झुपके, त्यावर माशाच्या खवल्यांसारखी बारीक पाने आणि खाली केसासारखी मुळे लोंबत होती. ओंजळीत घेतले तर पाणी खाली गळून गेले, पाने कोरडीच. सूनबाईने वही उघडून सगळे वाचून दाखवले. ही मुलगी दहावीनंतर शाळेत गेली नाही, पण त्या दिवशी मास्तरणीसारखी बोलत होती. अझोला हे शेवाळ नसून नेच्याच्या जातीतली वनस्पती आहे. त्याच्या पानाच्या पोकळीत मात्र एक नील-हरित शेवाळ वस्तीला असते. ते हवेतला नत्र धरून अझोलाला देते आणि अझोला त्याला राहायला घर देतो. सगळे मनासारखे मिळाले तर अझोला चार-पाच दिवसांत दुप्पट होतो. चीन आणि व्हिएतनाममधले शेतकरी धानाच्या बांधीत खत म्हणून तो फार पूर्वीपासून वाढवत आले आहेत. आपल्या वऱ्हाडात धान नाही, कापूस आणि तूर. त्यामुळे आपल्याकडे ही वनस्पती घराघरात माहीत असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे ती आली ती जनावरांचे खाद्य म्हणून.

वाफ्याचे मापही तिने लिहून आणले होते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. विटा उभ्या लावून त्यावर जाड ताडपत्री अंथरायची, त्यात चाळलेली माती, दोन किलो शेणाचा काला, चिमूट-दोन चिमूट सुपर फॉस्फेट आणि चार इंच पाणी. वर मूठभर अझोला सोडायचा. दहा-पंधरा दिवसांत वाफा भरतो, मग रोज तीनेकशे ग्रॅम काढायचा, चांगला धुवायचा आणि कोंड्यात किंवा भरड्यात कालवून द्यायचा. सरकीच्या ढेपेचा भाव काय झाला आहे ते ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांना सांगायला नको. सूनबाईचा हिशेब असा की, अझोला आला म्हणजे ढेपेचे पैसे वाचतील.

हिशेब ऐकून माझा मुलगा उठला आणि मागच्या दाराशी जाऊन झाडाकडे पाहू लागला. "जागा एवढीच हाय," तो म्हणाला. "हे झाड ना संत्र्याचं, ना लिंबाचं. नुसते काटे. तोडून टाकू."

इथे मला माझ्या बाबांबद्दल सांगावे लागेल.

माझे माहेर वरुड तालुक्यातले. मोर्शी-वरुडचा संत्रा सगळ्यांना ठाऊक आहे. वरुडला तर विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. पण संत्र्याचे झाड स्वतःच्या मुळावर उभे नसते, हे खाणाऱ्याला सहसा माहीत नसते. आधी जंभेरीचे बी पेरतात. जंभेरी म्हणजे खडबडीत सालीचे, भरपूर बियांचे, आंबट रानवट लिंबू. तिचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की, जमिनीपासून वीतभर उंचीवर तिच्या सालीत इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर देतात आणि चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा ढालीच्या आकारात कापून त्या चिरेत सरकवतात. वरून पट्टी बांधतात. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहायचे. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. लागलेल्या डोळ्याला कोंब फुटला की वरची जंभेरी छाटून टाकतात. तेव्हापासून मूळ जंभेरीचे आणि फळ संत्र्याचे.

शेंदूरजनाघाट या गावी अशा रोपवाटिका पुष्कळ आहेत. बाबा तिथे डोळे भरायला जात. हिवाळ्यात पहाटे निघायचे, दिवसभर उकिडवे बसून ओळीमागून ओळ सरकत जायचे. मजुरी शेकड्याने. मी जेवणाचा डबा घेऊन जाई आणि त्यांच्या मागे बसून पट्ट्या हातात देई. त्यांचा चाकू सालीतून फिरताना आवाज होत नसे. त्यांनी भरलेल्या डोळ्यांची किती हजार झाडे झाली असतील, कोण जाणे! त्यांतले एकही त्यांच्या नावावर नव्हते. बागेत गळून पडलेला संत्रासुद्धा विचारून उचलावा लागे.

१९९८ साली आम्ही अकोल्यात हे घर बांधले, तेव्हा बाबा एस.टी.ने आले. मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेले एक कलम होते. त्यांनी स्वतः डोळा भरलेले. स्वतःच्या हाताने खड्डा करून त्यांनी ते लावले आणि मला दोन गोष्टी बजावल्या. एक, बुंध्याला पाणी लागू द्यायचे नाही. बुंध्याभोवती मातीची एक गोल मेर आणि तिच्या बाहेर दुसरी, पाणी दोहोंच्या मधे. नाहीतर डिंक्या लागतो. आणि दुसरी, "बांधल्याच्या खालून फोक आला का मोडाचा. दया करायची नाही. नाहीतं जंभेरी डोळ्याले खाऊन टाकते."

त्या पावसाळ्याच्या आत बाबा वारले.

संत्रा जगला नाही. आता कळते की तो इथे जगणे कठीणच होते. वरुडची जमीन सातपुड्याच्या पायथ्याची, पाण्याचा निचरा होणारी. आमची माती काळी, चिकण; पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. त्या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण खारे. आमच्या वस्तीतल्या हापशीचे पाणी मचूळ आहे, त्यात डाळ शिजत नाही. संत्रा-लिंबाची जात अशा पाण्याला फार नाजूक. पानांची टोके करपतात, मग पाने गळतात. दुसऱ्या उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्याची फांदी वाळली. आणि बांधल्याच्या खालून एक जोमदार हिरवा फोक आला.

मी तो मोडला नाही. मला माहीत होते, डोळा भरणाऱ्याची मी लेक. पान चुरगाळून वास घेतला तेव्हाच कळले होते की ही जंभेरी आहे. पण बाबांनी लावलेल्या जागेवर जे हिरवे दिसत होते, ते माझ्याने मोडवले नाही. घरच्यांना वाटत राहिले की, झाड सुधारले. चार-पाच वर्षांनी फळ धरले, ते पिवळे, खडबडीत आणि आंबट! मग सगळे हसले. मीही हसले.

तर हे ते झाड. त्याच्या फळाचे लोणचे चांगले होते. वैशाखात उन्हातून आलेल्या माणसाला त्याचे सरबत देता येते. पितळी भांडी त्याच्या सालीने लख्ख निघतात. एक फायदा आणखी सांगते. अमावास्या आली की गल्लीतल्या काही बाया लिंबू मागायला येत, दारावर टांगायला किंवा कुणावरून उतरवून चौकात टाकायला. मी म्हणे, घेऊन जा, पण कापून सरबत करून पोरांना पाजा. जंभेरीचा तो ओबडधोबड गोळा पाहून त्या परत जात. त्यांच्या उताऱ्याला गोल गुळगुळीत कागदी लिंबूच लागते म्हणे. आमच्या दारातले फळ त्या कामाचे नव्हते, याचे मला बरे वाटत आले आहे. दर पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. त्या वेचायच्या असतात, पण नातू दोन-चार लपवून डब्यात पाळतो आणि त्यांची काळी-पिवळी फुलपाखरे झाली की सोडून देतो.

मुलगा तोडू म्हणाला तेव्हा यातले मी काही बोलले नाही. मी कृषितज्ज्ञाचा आव आणला. "अझोल्याले सावली लागते, झाड तोडलं तं तो उन्हानं मरन," असे ठोकून दिले. खरे सांगायचे तर मला अझोलातले ओ की ठो माहीत नव्हते. सूनबाईने वही काढली, पाने उलटली आणि म्हणाली, "बरोबर हाय आत्याबाईचं. पस्तीस डिग्रीच्या वर तो तग धरत नाही. सावली करा म्हणून सांगतलं हाय." मुलगा म्हणाला, मग हिरवी जाळी आणू. जाळीचे पैसे कोण देणार, यावरून पुन्हा वाजले. मी चिडून आत गेले आणि दोन दिवस गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी सूनबाई माझ्याजवळ बसली. तिने विचारले, झाड कुणी लावले? लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती तिला, आणि मी तिला कधी सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. दुपारी पाहते तर तिने झाडाखाली विटा मांडल्या होत्या. खड्डा न करता, जमिनीच्या वर. लिंबूवर्गीय झाडाची खाणारी मुळे वरच्या हात-दीड हातातच असतात; खणले असते तर तुटली असती. हे तिला कुणी सांगितले नव्हते. कुदळीने माती खरवडताना मुळे दिसली म्हणून ती थांबली.

हिवाळा अझोलाने गाजवला. वाफा हिरवागार, गालिचा अंथरावा तसा. थंडी वाढली तेव्हा तांबूस झाला; आम्हांला वाटले मेला, पण फॉस्फेटचे दोन चिमूट पडल्यावर आणि थंडी उतरल्यावर पुन्हा हिरवा झाला. कोंबड्या पहिल्या दिवसापासून तुटून पडल्या. शेळ्यांनी मात्र आठ दिवस तोंड फिरवले. पाण्यात डास होतील ही मला भीती होती, कारण डेंग्यूने आमच्या गल्लीत माणसे झोपवली आहेत. पृष्ठभाग गच्च भरलेला असला तर डासाला अंडी घालायला जागा उरत नाही, पण कोपरा उघडा राहिला तर उपयोग नाही. म्हणून नातवाला रोज पाहण्याचे काम दिले.

याच नातवाने, सातवीत आहे, एक दिवस आजीला आणि आईला दोघींनाही गार केले. सूनबाई सगळ्यांना सांगे की अझोलात शंभरात पंचवीस भाग प्रथिने आहेत. तो म्हणाला, ते वाळवलेल्या अझोलात. ओल्या अझोलात शेकडा चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग तर पाणीच असते. मग पाटीवर गणित मांडले. रोजचा ओला अझोला साडेतीनशे ग्रॅम धरला तर वाळून उरतो साधारण वीस ग्रॅम. त्याचा पाव भाग प्रथिने, म्हणजे पाच ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात! सूनबाईचा चेहरा पडला. पण पाच कोंबड्यांना कोंड्याच्या जोडीला तेवढेही थोडे नाही, आणि ते फुकटात. शेळ्यांच्या ढेपेची जागा मात्र एका वाफ्याने भरून निघत नाही. त्याला असे चार-पाच वाफे हवेत, तेवढी जागा हवी आणि तेवढे पाणी हवे. प्रशिक्षणात हे सांगितले असेलही. उत्साहात आपण आपल्याला हवे तेच लिहून घेतो.

पाण्याचे गणित मी केले, पाटीशिवाय. सहा बाय तीनच्या वाफ्यात चार इंच पाणी म्हणजे एकशे सत्तर लिटर. आमचा प्लॅस्टिकचा ड्रम दोनशे लिटरचा. अकोला शहर काटेपूर्णा धरणाचे पाणी पिते. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येत होते. एप्रिलमध्ये वाफ्यातून रोज दीड-दोन बादल्या नुसत्या वाफ होऊन उडू लागल्या. झाडाची सावली होती म्हणून तेवढ्यावर भागले. झाडाला मात्र पाण्याची वेगळी सोय नव्हती. ते भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर आणि अझोलाच्या वाफ्यातून दर दहा दिवसांनी काढाव्या लागणाऱ्या जुन्या पाण्यावर जगत होते. त्या जुन्या पाण्यात नत्र असतो. त्या वर्षी जंभेरीचे पान असे काळेभोर हिरवे झाले की तसे मी आधी पाहिले नव्हते.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला. एका आठवड्यात नळ आलाच नाही. ड्रममध्ये तळाशी जे होते ते पिण्याचे. सूनबाई ड्रमकडे पाही आणि वाफ्याकडे पाही, आणि मला माहीत होते की तिच्या मनात काय चालले आहे. शेवटी तिने हापशीचे पाणी आणून ओतले. खाऱ्या पाण्याने अझोला तांबडा पडला, मग काळपट, आणि पाच दिवसांत कुजून त्याचा वास येऊ लागला. तिने तो घमेल्याने उचलून उकिरड्यावर टाकला. रडली नाही. ताडपत्री धुतली, घडी केली आणि संदुकीवर ठेवली. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही. झाडावरून भांडताना मला वाटत होते की झाडाची बाजू घेणारी मीच एकटी आहे. पण त्या मुलीचेही ते पहिलेच स्वतःचे काहीतरी होते, आणि मी त्याला सहा महिने शेवाळ म्हणत आले होते.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत आणि नळाला दिवसाआड का होईना पाणी येते, त्यांनी अझोला जरूर लावावा. पंधरा दिवसांत हातात फळ पडते. ज्यांच्याकडे पाणी नाही, त्यांनी आधी झाड लावावे. कागदी लिंबू लावा, ते बियांपासूनही बहुतेक आईसारखेच येते, फक्त चार-पाच वर्षे वाट पाहावी लागते. आणि वाट पाहणेही झाडाला पुरत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीच्या भरल्या बागा पाण्यावाचून वाळल्या. झाड जुने असले की ते आपोआप जगते, असे कुणी समजू नये.

अझोलाची एक अडचण अशी की त्याचे बी डबीत भरून ठेवता येत नाही. जिवंत असेल तरच त्यापासून पुढे होतो. हिवाळ्यात वाफा ओसंडत होता तेव्हा सूनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पिशवीत भरून देत असे. मला ते उधळेपण वाटे. माझी लेक अमरावतीला दिली आहे. तीही जानेवारीत आली तेव्हा जेवणाच्या डब्यात घेऊन गेली होती आणि धुण्याच्या जुन्या टाक्यात तिने तो सोडला होता. अमरावती शहराला पाणी येते ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या, अप्पर वर्धा धरणाचे, म्हणजे आमच्या माहेरच्या मुलखातले. जुलैत पाऊस लागल्यावर लेक आली, तिने तोच डबा सूनबाईच्या हातात दिला. झाकण उघडले तर आत हिरवे. दोघी नणंद-भावजया तिथेच हसत बसल्या. संध्याकाळपर्यंत झाडाखाली विटा पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

त्या दिवाळीनंतर सूनबाईने मला विचारले, "आत्याबाई, आबा डोळा भरत व्हते ते कसं व्हय? तुमाले येते काय?" मला कुणी शिकवले नव्हते. ते पुरुषांचे काम, मुलींनी पट्ट्या द्यायच्या. पण शेकडो वेळा पाहिले होते. भावाला निरोप धाडला, त्याने वरुडहून ओल्या फडक्यात गुंडाळून दोन डोळकाड्या पाठवल्या. दाढीचे नवे पाते घेतले. हात थरथरत होता, पहिले दोन डोळे कापतानाच बिघडले. जंभेरीच्या खालच्या कोवळ्या फांद्यांवर पाच भरले. पट्ट्या सूनबाईने दिल्या. तीन आठवड्यांनी सोडून पाहिले तर तीन काळे पडले होते, दोन हिरवे आहेत. एकाला आता बोटभर कोंब आला आहे. त्याच्या खालून फोक फुटला की सूनबाई सकाळी अझोला काढतानाच मोडून टाकते. मला विचारत नाही.